तुती गल्लीच्या नऊ रेघा

१

मंगळवारी सकाळी मी तुती गल्लीत पोचलो तेव्हा लेई साहेब पहिल्या घराच्या भिंतीपुढे उभे होते. रागानं त्यांचे कान लाल झाले होते.

"कांग, हे बघ," ते म्हणाले. "आपण काल नदीवर सणाच्या होड्यांच्या शर्यती बघत बसलो आणि इथे कुणीतरी आपली वर्षभराची मेहनत पुसून टाकली."

ही गल्ली उताराची आहे. नववं घर वरच्या टोकाला, पहिलं घर तळाला. नऊही घरांच्या भिंतींवर एकेक लाल रेघ होती. गेल्या वर्षीच्या पावसात पाणी कुठवर चढलं होतं, त्याची ती खूण. आमच्या तिघांच्या पथकाचं काम असल्या खुणांवरच चालायचं. युनतांग शहर मुसळधार पावसापुढे कितपत टिकेल, हे आम्हाला वस्तीवार तपासायचं होतं. पाणी किती साचतं, ओसरायला किती वेळ लागतो, तळमजल्यावर कोण राहतं, असं सगळं पाहून वस्तीला गुण द्यायचे. गुण कमी पडले की तिथे आधी पंप लागतात आणि पावसाचा इशारा आला की तिथली माणसं आधी हलवतात.

अहवाल बुधवारी संध्याकाळी पाचला द्यायचा होता. गुरुवारी मोठ्या पावसाचा इशारा होता.

आणि आता जुन्या रेघा तारेच्या ब्रशनं खरवडलेल्या दिसत होत्या. पहिल्या घराची जुनी रेघ गुडघ्याशी होती. नवी माझ्या छातीच्या वर.

"हे तान बाईचं काम आहे," लेई साहेब म्हणाले. "रहिवासी समितीची अध्यक्ष. वर्षभर अर्ज करतेय, पाणी जास्त होतं म्हणून. अर्ज चालला नाही, मग रंगाचा डबा उचलला. मी आजच तक्रार करणार. आणि गुण द्यायचे ते जुन्या नोंदीवरच."

पथकातल्या तिसऱ्या ओयांग बाई तोवर गल्लीच्या वरच्या टोकापर्यंत जाऊन सावकाश परत आल्या होत्या. वय बासष्ट. नदीच्या पाण्याची उंची रोज सकाळी नोंदवायचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. निवृत्तीनंतर या वर्षीच त्या सल्लागार म्हणून आमच्यात आल्या होत्या.

"लेई साहेब, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या रेघा पाहिल्यात का?"

"एक पाहिली. पुरे झालं."

"नऊपैकी सहा वर गेल्यात. सातव्या घराची आहे तिथेच आहे. आठव्या आणि नवव्या घराच्या खाली आल्यात." त्यांनी चष्मा पुसला. "ज्याला पूर वाढवून सांगायचाय, त्यानं दोन रेघा खाली कशाला आणाव्यात?"

२

लेई साहेब तणतणत कचेरीत परत गेले. तान ताईंनी मला आणि ओयांग बाईंना समितीच्या खोलीत बसवलं आणि सणाचे उरलेले झोंगझी, पानात बांधून वाफवलेले चिकट भाताचे गोळे, पुढे केले. त्या पन्नाशीच्या, आवाजानं खणखणीत. बोलता बोलता त्या पानांवरचा दोरा सोडवत होत्या.

"मी तीन अर्ज केले, ते खरंय," त्या म्हणाल्या. "वरच्या जिन्यातून मी स्वतः पाहिलं. आमच्या तिसऱ्या घराच्या जिन्यात सायकल बुडाली होती. पण तुमच्या कचेरीत म्हणतात, लोक वाढवून सांगतातच. पुरावा आणा. पुरावा कुठून आणू? दुसऱ्याच दिवशी औषध फवारायला माणसं आली, भिंती धुऊन गेली."

"काल तुम्ही कुठे होतात?" ओयांग बाईंनी विचारलं.

"नदीवर. आख्खी गल्ली नदीवर होती. फक्त आमच्या नावेवर जो ढोल वाजवायचा, त्याच्या टिपऱ्या घरी राहिल्या, म्हणून दहाच्या सुमाराला मी धावत आले आणि धावतच गेले."

"गल्लीत कोण होतं?"

"दिसलं कुणीच नाही. मी मागच्या दारानं आले." त्या जरा थांबल्या. "पण हसणं ऐकू आलं. पुरुषाचं. वरच्या अंगानं, सातव्या घराच्या आसपास."

"कोण हसत होतं?"

"तेच कळत नाही ना, बाई. गल्लीत काल पुरुष दोनच प्रकारचे होते. एक रोंग शेठ, ते दुकान सोडून हलत नाहीत आणि गेल्या दहा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नाही. आणि बाकीचे खाली वृद्धाश्रमातले, त्यांना उचलल्याशिवाय बाहेर येता येत नाही."

त्यांनी झोंगझी आमच्याकडे आणखी सरकवले. "खा हो. मला पकडून नेणार असाल तर निदान पोटभर खाऊन न्या."

३

पहिलं घर रोंग शेठचं. पुढे त्यांचं रजयांचं दुकान आणि मागच्या सगळ्या तळमजल्यावर वृद्धाश्रम. एकोणीस खाटा. गेल्या शरदात आमच्याच नोंदीवर बोट ठेवून त्याला परवानगी मिळाली होती, कारण नोंद म्हणत होती की इथे पाणी गुडघ्याच्या वर जात नाही. पाऊस आला तर खाटा विटांवर चढवायच्या आणि माणसं जागेवर ठेवायची, असं त्यांच्या परवान्यात लिहिलं होतं.

"गुडघाभर," रोंग शेठ म्हणाले. "मी या दारात उभा होतो, साहेब. हा गुडघा, आणि हे पाणी. तान बाईला पंप हवेत म्हणून ती काहीही सांगेल."

"दुकानाच्या भिंती नव्या दिसतायत," ओयांग बाई म्हणाल्या.

"ओल होती. गिलावा नवा करून घेतला."

"कुठवर?"

"कुठवर म्हणजे?"

"ओल खालून वर चढते ना. मग नवा गिलावा कुठपर्यंत करावा लागला?"

रोंग शेठ रजयांची चळत नीट करू लागले. "गवंड्याला ठाऊक. बाहेरगावचा होता कुणीतरी. नाव आठवत नाही."

आतून वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण, वेन मावशी, एका म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीतून उन्हात घेऊन आली. त्याचं अर्धं अंग गेलेलं होतं आणि कानामागे पेन्सिल खोचलेली होती. रोंग शेठना पाहताच त्यानं मान दुसरीकडे फिरवली.

बाहेर पडतो तोच माझा फोन वाजला. लेई साहेब होते. "कांग, त्या ओयांग बाईंच्या नादी लागून वेळ घालवू नकोस. उद्या दुपारी मला अहवाल टाइप केलेला हवा. तुती गल्ली, नऊ घरं, जुनी नोंद. आणि त्याखाली तुझी सही."

४

"सही करण्याआधी एवढं एक करू," ओयांग बाई म्हणाल्या. आमच्या गाडीत उंची मोजायची दुर्बीण होती, तिपाईवर बसवायची. ती त्यांनी गल्लीच्या मधोमध लावली, तिच्यावरच्या पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा मध्यावर आणला आणि मला डोळा लावायला सांगितलं.

"आत आडवी तार दिसते? ती पहिल्या घराच्या नव्या रेघेवर आण. आता खालीवर काही हलवू नकोस. नुसती दुर्बीण फिरव."

मी फिरवली. दुसऱ्या घराची रेघ तारेवर. तिसऱ्याची तारेवर. सातव्या घराची, जिला कुणी खरवडलं नव्हतं, तीही तारेवर. नवव्या घराची रेघ घोट्याच्या जरा वर होती आणि तीसुद्धा त्याच तारेवर. नऊ घरं, ऐंशी मीटरची गल्ली, आणि सगळ्या रेघा एका पातळीत.

"आता तुझी जुनी नोंद काय म्हणते?"

मला ती पाठ होती. पन्नास, पन्नास, पन्नास. नऊ वेळा पन्नास सेंटिमीटर. वर्षभर तो कागद माझ्या टेबलावर होता.

"साचलेलं पाणी सपाट असतं, कांग," त्या म्हणाल्या. "गल्ली उताराची आहे. वर घोटाभर असेल तर तळाला छातीभर असणारच. वरपासून खालपर्यंत सगळीकडे गुडघाभर राहायचं तर पाण्याला उतारावर पायऱ्यांसारखं उभं राहावं लागेल. जुन्या रेघा पाण्यानं आखलेल्याच नाहीत. कुणीतरी एक उंची धरली आणि जमिनीपासून मोजत गेलं."

मी तळाच्या घराकडे पाहिलं. छातीभर म्हणजे माझ्या छातीभर. खाटेवर झोपलेल्या माणसाच्या कितीतरी वर. विटा ठेवून काहीही होणार नव्हतं.

लेई साहेबांना बोलावलं. त्यांनी दुर्बीण गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिली. मग म्हणाले, "हुशार माणसानं पातळी धरून खोट्या रेघा मारल्या असतील. हा पुरावा नाही. मला चिखल दाखवा, गेल्या वर्षीचा चिखल. तो नसेल तर जुनी नोंद राहील."

आणि भिंती तर धुतलेल्या होत्या.

५

ओयांग बाईंनी तान ताईंना विचारलं, "पुराच्या आधीपासून भिंतीला टेकून असलेलं आणि अजून कुणी न हलवलेलं असं काही आहे का?"

तान ताईंनी विचार केला. फ्रिज नाही, कपाटं नाहीत, ती सगळी फेकली होती. मग त्या उठल्या. "टपालपेट्या. आमच्या जिन्यातल्या. हल्ली पत्रं कुणाला येतात?"

तिसऱ्या घराच्या जिन्यात सोळा लोखंडी पेट्यांची एक चौकट भिंतीला ठोकलेली होती. स्क्रू गंजले होते. तान ताईंनी घरातून स्क्रूड्रायव्हर आणला, मी लोंबकळलो आणि चौकट माझ्यासकट खाली आली.

मागच्या भिंतीवर वाळलेला पिवळा गाळ होता. त्याची वरची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ होती. दार उघडं ठेवून ओयांग बाईंनी दुर्बीण वळवली आणि बाजूला झाल्या. लेई साहेब वाकले. गाळाची कड तारेवर होती.

ते सरळ झाले तेव्हा त्यांच्या कानांचा लालपणा गेला होता.

"सातव्या घराशी नूडल्सची गाडी असते," ओयांग बाई शांतपणे म्हणाल्या. "तिथली तेवढी रेघ खरी आहे. खायला थांबलात तेव्हा तुम्ही तिथे मोजलंत. बाकी आठ ठिकाणी मोजलं नाहीत. बरोबर?"

"पाऊस चालू होता," लेई साहेब म्हणाले. "माझ्याकडे त्या दिवशी सहा गल्ल्या होत्या. भिंती धुतलेल्या. सातव्या घराच्या दारामागे खूण मिळाली, ती घेतली. लोक कुणी कंबर सांगत होते, कुणी गळा. एकटे रोंग शेठ शांतपणे बोलत होते. म्हणाले, सगळीकडे एवढंच होतं. मला वाटलं, हा एक माणूस तरी वाढवून सांगत नाहीये."

"त्यांना तळमजला भाड्यानं द्यायचा होता," तान ताई म्हणाल्या.

लेई साहेबांनी मान हलवली. ते जिन्याच्या पायरीवर बसले. "म्हणजे ती एकोणीस माणसं मी तिथे ठेवली."

मग त्यांनी वर पाहिलं. "पण रेघा हलवल्या कुणी?"

"चला, भेटू त्यांना," ओयांग बाई म्हणाल्या. "दोघं आहेत."

६

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात वेन मावशी तांदूळ धूत होती. नळाला पारदर्शक रबरी नळी होती, दहाएक मीटरची. तिच्या एका टोकाशी बोटाचा पुसट लाल ठसा होता.

"मावशी, घाबरू नका," ओयांग बाई म्हणाल्या. "नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना पातळी सारखी राहते. गवंडी असंच करतात. पण त्याला दोन माणसं लागतात. एक टोक आधीच्या भिंतीवरच्या खुणेवर धरायला आणि दुसरं पुढच्या भिंतीवर न्यायला. शिवाय प्रत्येक रेघेशी पेन्सिलीची एक टीक आहे, टोक खाली केलेली, मिस्त्री लोक करतात तशी. सातव्या घरापाशीही आहे. ती रेघ बरोबर होती, तरी त्यांनी ताडून पाहिली. खोटं काम करणारा एवढे कष्ट घेत नाही."

वेन मावशीनं हात पुसले. खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यानं कानामागची पेन्सिल काढून मांडीवर ठेवली.

"दिंग मिस्त्री," ती म्हणाली. "रोंग शेठच्या या खोल्यांचा गिलावा यांनीच केला. पुरानंतर. भिंतीतला गाळ यांनी स्वतःच्या हातानं खरवडला, म्हणून पाणी कुठवर आलं होतं ते यांना ठाऊक. मग झटका आला. वाचा गेली, लिहिणं गेलं. आणि पोरीनं आणून ठेवलं नेमकं इथेच."

आपणच गिलावा केलेल्या खोलीत तो माणूस आठ महिने झोपत होता.

"पाऊस आला की भिंतीवर हात आपटायचे. आम्हाला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय. एक दिवस ओलं फडकं घेऊन यांनी भिंतीवर रेघ ओढली. मग माझ्याकडून दुसऱ्या भिंतीवर, तिसऱ्या भिंतीवर, तशीच. आणि स्वतःच्या खाटेकडे बोट दाखवलं. मी नदीकाठची आहे, बाई. मला कळलं."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या कचेरीत गेले होते. खिडकीवरच्या माणसानं कागद काढला आणि म्हणाला, मावशी, नोंदीत पन्नास आहे, नोंद बदलायला पुरावा लागतो."

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं मला ओळखलंही नसेल. पण खिडकीवर मीच होतो. मी ते वाक्य दिवसातून दहादा म्हणायचो.

"तो मी होतो, मावशी," मी म्हणालो. "चूक झाली."

"मग परवा पावसाचा इशारा ऐकला," ती पुढे म्हणाली. "वाटलं, सणाला गल्ली रिकामी असते. निदान लोकांच्या डोळ्यांना तरी खरं दिसू दे. शेठ सकाळी आत हिशेब करत होते, तेवढ्यात खालपासून सुरुवात केली. सातव्या घरापाशी पोचलो, नळी लावली, तर पाणी बरोबर जुन्या रेघेवर. तेव्हा हे हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा."

लेई साहेब दारात उभे होते. ते आत आले, दिंग मिस्त्रींच्या खुर्चीपुढे उकिडवे बसले. "मिस्त्री, जी रेघ मी आखायला हवी होती ती तुम्ही आखलीत," ते म्हणाले. दिंग मिस्त्रींनी चांगला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि जरा जोरातच दाबला. लेई साहेब वेदनेनं कळवळले, पण हलले नाहीत.

७

अहवाल बुधवारच्या पाचची वाट न बघता मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधीच गेला. तुती गल्लीला शहरातले सगळ्यांत कमी गुण मिळाले. जुन्या नोंदीत चूक कशी झाली ते लेई साहेबांनी स्वतःच्या नावानिशी लिहिलं आणि माझी सही खालून काढून टाकली. रोंग शेठची चौकशी ज्यांनी करायची त्यांच्याकडे गेली. ते दुकान बंद करून बहिणीकडे निघून गेले.

बुधवारी सकाळी टेकडीवरच्या शाळेच्या सभागृहात एकोणीस माणसं हलवली. तान ताईंनी आपल्या नावेचे वल्हेकरी कामाला लावले. सोमवारी शर्यत हरलेले ते बावीस जण खाटा मात्र अशा पळवत होते की आजीबाई ओरडायला लागल्या, हळू चला, मेल्यांनो, मी काही बक्षीस नाही.

गुरुवारी दुपारी पाऊस आला. दीड तास समोरची इमारत दिसत नव्हती. सर थोडी ओसरल्यावर आम्ही शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावून गल्लीकडे पाहत होतो. पाणी तळाच्या घराच्या दारात शिरलं, खिडकीच्या कठड्याला लागलं आणि आणखी चढलं. शेवटी थांबलं ते लाल रेघेच्या चार बोटं खाली. आश्रमाच्या खोल्यांमधून विटा, बादल्या आणि एक रिकामी खाट तरंगत बाहेर आली. लेई साहेबांनी गच्चीचा कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं सोडवायला त्यांना वेळ लागला.

"रिकामी आहे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "खाट रिकामी आहे."

ओयांग बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "हो. खाली चला, पेज तयार झालीय."

सभागृहात वेन मावशी वाट्या भरत होती. नव्या जागेबद्दल काही अडचण असेल तर लिहून घे, असं मला सांगण्यात आलं होतं, म्हणून मी वही घेऊन खाटांमधून फिरलो. पेजेत मीठ कमी होतं. शेजारचा घोरत होता. पंखा कुरकुरत होता, आणि तो बंद केला तर उकडत होतं. एका आजीला तिची चप्पल सापडत नव्हती आणि त्याला सरकार जबाबदार होतं. मी एकही शब्द न गाळता लिहीत गेलो. इतक्या तक्रारी इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी लिहून घेतल्या नसतील.

शेवटची खाट दिंग मिस्त्रींची होती.

"यांची काही तक्रार?" मी वेन मावशीला विचारलं.

दिंग मिस्त्रींनी समोरच्या मोठ्या खिडकीकडे बोट दाखवलं. मग हात उभा धरला आणि किंचित डावीकडे कलता केला. पुन्हा खिडकी, पुन्हा कलता हात, आणि तोंड वाकडं.

"म्हणतायत, चौकट ओळंब्यात नाही," वेन मावशी म्हणाली.

ओयांग बाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ खिडकी न्याहाळली.

"खरंच नाही," त्या म्हणाल्या. "लिही, कांग."